अमेरिकेत एमएस झाल्यावर नोकरी न करता थेट स्वतःची कंपनी काढायची असेल तर कुठला व्हिसा मिळतो?

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटर सायन्सचं एमएस येत्या मे महिन्यात संपतंय, वर्गातला एक अमेरिकन मित्र पार्टनर आहे, दोघांची फिफ्टी-फिफ्टी ठरलीये, सीईओ तुम्हालाच व्हायचंय आणि नोकरीच्या भानगडीत अजिबात पडायचं नाहीये, तर स्टार्टअप व्हिसा कुठला आणि कधी अप्लाय करायचा. सरळ सांगायचं तर अमेरिकेत स्टार्टअप व्हिसा नावाची गोष्टच नाही. तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, त्याची बिलं अनेकदा आली आणि तशीच पडून राहिली. जे व्हिसे आहेत ते सगळे दुसऱ्याच कुणासाठी बनवलेले आहेत, नोकरदारांसाठी, नाहीतर मोठ्या कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी, नाहीतर नामवंत शास्त्रज्ञांसाठी, आणि फाउंडर मंडळी त्यात कशीबशी स्वतःला बसवतात. मी एफ१ वर (विद्यार्थी व्हिसा) आलो, ओपीटीवर (डिग्रीनंतर मिळणारी तात्पुरती काम करायची परवानगी) कंपनी चालू केली आणि आता ओ१ वर (असामान्य कर्तृत्ववाल्यांचा व्हिसा) आहे, त्यामुळे यातला बराच भाग स्वतः केलेला आहे. पण मी वकील नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक गोंधळ दूर करू. कंपनी रजिस्टर करणं वेगळं आणि त्या कंपनीत काम करणं वेगळं. एफ१ वर असताना कंपनी नावावर करायला, शेअर्स घ्यायला साधारणपणे कोणी अडवत नाही. अडतं ते काम करताना. कोड लिहिला, कस्टमरला भेटलात, बिल पाठवलं की ते काम झालं, पैसे मिळोत न मिळोत, आणि परवानगीशिवाय केलेलं काम पुढे प्रत्येक अर्जात आडवं येतं. म्हणजे मेपर्यंत कागदपत्रं करा, वकिलाशी बोला, प्रॉडक्ट लाँच वगैरे ओपीटीचं कार्ड हातात येऊन त्यावरची तारीख सुरू झाल्यावर. आणि कंपनी काढताना कोणी एस-कॉर्प (जिच्या नफ्यावरचा टॅक्स शेअरहोल्डरच भरतात अशी कंपनी) सुचवली तर नको म्हणा, टॅक्सच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट असलेल्या माणसाला तिचा शेअरहोल्डर होताच येत नाही आणि विद्यार्थी पहिली काही वर्षं त्याच गटात मोडतात. डेलावेअर राज्यातली साधी सी-कॉर्प (जी आपला टॅक्स स्वतः भरते) घ्या, पुढे इन्व्हेस्टर पण तीच मागतात.

आता पहिलं वर्ष. खरं सांगू का, हे सगळ्यात सोपं आहे आणि लोक उगाच याचीच जास्त काळजी करतात. साध्या बारा महिन्यांच्या ओपीटीवर स्वतःच्या कंपनीत काम करायला चक्क परवानगी आहे, पगार नसला तरी चालतं. काम आठवड्याला किमान २० तास हवं, तुमच्या डिग्रीशी संबंधित हवं, आणि धंद्याला जे लायसन्स लागत असेल ते काढलेलं हवं. अर्ज डिग्री संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो, शेवटपर्यंत थांबू नका कारण कार्ड यायला महिने लागू शकतात. कार्डावरच्या तारखेपासून बेकारीचे दिवस मोजले जातात आणि ते ९० च्या वर गेले की स्टेटस धोक्यात. त्यामुळे कार्ड सुरू झालं की ओपीटीच्या सरकारी पोर्टलवर एम्प्लॉयर म्हणून आपल्या कंपनीचं नाव, पत्ता, सुरुवातीची तारीख टाकायची, आणि काम डिग्रीशी कसं जोडलेलं आहे हे लिहायचा एक चौकोन असतो तो नीट भरायचा. तिथे "कंपनीचा व्यवसाय सांभाळतो" असलं काही लिहू नका. कुठला डेटाबेस डिझाइन करताय, कुठलं मॉडेल ट्रेन करताय, ते कोर्समध्ये शिकलेल्या कशाशी जोडलंय असं लिहा. आणि पुरावे ठेवा, म्हणजे कोड कमिट्सची नोंद, मीटिंगचे ईमेल, बँक स्टेटमेंट. आज कोणी विचारणार नाही. दोन-तीन वर्षांनी पुढच्या व्हिसाच्या वेळी मात्र हमखास विचारतील.

खरी गंमत दुसऱ्या वर्षापासून. तुम्ही स्टेमवाले (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित), त्यामुळे आणखी २४ महिने मिळू शकतात, पण इथे नियम एकदम पालटतात. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांची काम करायची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली हवी (ते फुकट आहे, त्याची भीती नको), तुमच्यासारखंच काम करणाऱ्या अमेरिकन माणसाला जो मोबदला मिळेल तेवढा तुम्हाला मिळायला हवा, आणि मुख्य म्हणजे आय-९८३ नावाचा ट्रेनिंग प्लॅन भरायचा असतो ज्यावर तुमचा एम्प्लॉयर सही करतो. तो एम्प्लॉयर तुम्ही स्वतः असू शकत नाही. सगळं घोडं इथेच अडतं.

हा फॉर्म एकदा आत्ताच उघडून बघा, पाच मिनिटं लागतील. त्यात कंपनीत किती लोक आहेत ते विचारलंय, तुम्ही काय शिकणार, तुमच्यावर देखरेख कोण आणि कशी ठेवणार, तुमची प्रगती कशी मोजणार असे वेगवेगळे रकाने आहेत. दोन माणसांची कंपनी, त्यातला सीईओ तुम्ही, मग देखरेखीच्या रकान्यात कोणाचं नाव घालणार? म्हणून माझा सल्ला कदाचित आवडणार नाही पण ऐका: सीईओ मित्राला होऊ द्या, तुम्ही सीटीओ, म्हणजे टेक्निकल प्रमुख, व्हा. डिग्री कॉम्प्युटर सायन्सची असल्यामुळे सीटीओचं काम तसंही तुमच्या शिक्षणाशी जास्त जुळतं. आणि हे नुसतं कागदावर नको, मित्राला तुमचं काम खरंच तपासता आलं पाहिजे, बोर्डाला तुम्हाला काढून टाकता आलं पाहिजे. मित्राला टेक्निकल काहीच कळत नसेल तर तो तुम्हाला काय ट्रेन करणार, हा प्रश्न येणारच, तेव्हा एखादा अनुभवी इंजिनिअर सल्लागार नव्हे तर खऱ्या अर्थाने वरिष्ठ म्हणून आणावा लागेल. फिफ्टी-फिफ्टीचाही पुन्हा विचार करा. मला ४५ टक्के घेऊन शांत झोप लागलेली चालते, बाकी ज्याची त्याची मर्जी.

मोबदल्याचं पण बघा. कंपनीच्या खात्यात पैसा नसेल तर दुसऱ्या वर्षी पगार कुठून देणार? शेअर्स मोबदल्यात धरता येतात, पण सगळाच मोबदला शेअर्समध्ये दाखवून डीएसओला (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणारा अधिकारी) पटवणं कठीण. म्हणजे पहिल्या बारा महिन्यांत थोडंफार फंडिंग किंवा कमाई उभी राहिलीच पाहिजे, व्हिसाचं घड्याळ आणि कंपनीचं घड्याळ इथे एकच होतं. हा वाढीव अर्ज पहिली ओपीटी संपायच्या आधीच जायला हवा, वेळेत गेला तर उत्तर येईपर्यंत जास्तीत जास्त १८० दिवस काम चालू ठेवता येतं. सगळ्या डीएसओंचा हात सारखा नसतो, काही जण फाउंडर म्हटलं की घाबरतात, काही जण अशी दहा प्रकरणं करून बसलेले असतात. तुमच्या डीएसओला आत्ताच जाऊन विचारा की यापूर्वी कोणाचं केलंय का.

एच१बी, म्हणजे नोकरदारांचा व्हिसा, त्याबद्दल जुनी उत्तरं वाचाल तर सगळे सांगतील की स्वतःच्या कंपनीतून होत नाही. ते आता तितकंसं खरं नाही. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमात कंपनीचा बहुमताचा मालक स्वतः एच१बी घेऊ शकतो हे स्पष्ट लिहिलंय. फक्त पहिली मंजुरी आणि पहिली वाढ प्रत्येकी जास्तीत जास्त १८ महिन्यांची मिळते आणि निम्म्याहून जास्त वेळ डिग्रीच्या कामात जायला हवा. पण लॉटरी काही सुटत नाही, कारण जागांपेक्षा अर्ज जास्त. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० जागा, रजिस्ट्रेशन मार्चमध्ये, त्याची फी २१५ डॉलर. लागली तर त्या भागातला प्रचलित पगार कंपनीने रोख द्यायचा, तिथे शेअर्स चालत नाहीत. सप्टेंबर २०२५ मधल्या एक लाख डॉलरच्या फीने सगळे हादरले होते, पण त्यानंतर आलेल्या खुलाशानुसार इथल्या इथे एफ१ वरून स्टेटस बदलणाऱ्याला ती लागत नाही. मात्र अर्ज मंजूर व्हायच्या आधी देश सोडलात तर ती सूट गेली. तेव्हा त्या काळात घरी कोणाचं लग्न असलं तरी व्हिडिओ कॉलवरच अक्षता टाका.

लॉटरीला वळसा घालायचा एक रस्ता आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. विद्यापीठांना एच१बी ची मर्यादा लागू नाही. तर काही विद्यापीठं फाउंडरला अर्धवेळ नोकरी देतात, मेंटर वगैरे म्हणून, त्यावर एच१बी काढतात, आणि ती नोकरी चालू असेपर्यंत तुमची कंपनी तुमच्यासाठी लॉटरीशिवाय दुसरी एच१बी काढू शकते. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१४ मध्ये हे सुरू झालं, ग्लोबल एंटरप्रेन्युअर इन रेसिडेन्स या नावाने, नंतर इतर राज्यांतही पसरलं. जागा थोड्या असतात, पण विचारायला काय जातंय.

ओ१ बद्दल आपल्याकडे उगाच दबदबा आहे, नोबेलवाल्यांनाच मिळतो वगैरे. आठ निकष आहेत, त्यातले किमान तीन दाखवायचे. फाउंडरला जमण्यासारखे कोणते, तर प्रतिष्ठित संस्थेत महत्त्वाची भूमिका (स्टार्टअपच्या बाबतीत चांगल्या इन्व्हेस्टरचं फंडिंग हा पुरावा धरला जातो), दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण, तुमच्याबद्दल छापून आलेलं, स्वतःचे पेपर, मूळ योगदान. अर्थात तीन खुणा केल्या की काम झालं असं नाही, अधिकारी शेवटी सगळं एकत्र बघून ठरवतो. लॉटरी नाही, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत मिळतो, आणि तुमच्याच मालकीची कंपनी तुमच्यासाठी अर्ज करू शकते. माझ्या फाइलमध्ये सगळ्यात उपयोगी काय पडलं असेल तर कॉन्फरन्ससाठी पेपर तपासल्याचे ईमेल, जे मी डिलीट करणार होतो. त्यामुळे विद्यार्थी असतानाच पेपर रिव्ह्यू करा, आमंत्रणाचा आणि आभाराचा प्रत्येक ईमेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. तोटा एकच मोठा, नवरा किंवा बायको बरोबर असेल तर त्यांना त्यावर काम करता येत नाही.

इंटरनॅशनल एंटरप्रेन्युअर रूल हे नाव तुम्ही ऐकलं असेलच, तोच लोक स्टार्टअप व्हिसा म्हणून सांगतात. तो व्हिसा नव्हे, पॅरोल आहे, म्हणजे व्हिसाशिवाय तात्पुरतं राहायची परवानगी. कंपनीत किमान १० टक्के हिस्सा, कंपनी पाच वर्षांच्या आतली, आणि नियमात बसणाऱ्या अमेरिकन इन्व्हेस्टरकडून ३,११,०७१ डॉलर किंवा सरकारी अनुदान १,२४,४२९ डॉलर (हे ऑक्टोबर २०२४ चे आकडे, दर तीन वर्षांनी बदलतात). मिळालं तर ३० महिने, मग आणखी ३० पर्यंत. २०१७ च्या या नियमाला मध्ये एका सरकारने गुंडाळायचाच घाट घातला होता, आणि पॅरोल कधीही काढून घेता येतो, म्हणून दुसरं काहीच जमत नसेल तरच मी याच्याकडे बघेन.

ई२ (अमेरिकेशी करार असलेल्या देशांतल्या गुंतवणूकदारांचा व्हिसा) विसरा, भारताचा अमेरिकेशी तसा करारच नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका यांचा आहे आणि आपला नाही, काय बोलणार. करार असलेल्या ग्रेनडा या छोट्या देशाचं नागरिकत्व विकत घेऊन ई२ काढून देतो म्हणणारे एजंट भेटतील, पण डिसेंबर २०२२ पासून पैसे गुंतवून नागरिकत्व घेतलेल्यांना आधी त्या देशात सलग तीन वर्षं खरोखर वास्तव्य दाखवावं लागतं. एल१ (कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसमधून बदलीवर येणाऱ्यांचा व्हिसा) हा परत जाणाऱ्यांसाठी आहे: भारतात कंपनी काढा, तिथे सलग एक वर्ष मॅनेजर म्हणून काम करा, मग अमेरिकेत शाखा उघडून या, नवीन ऑफिसला पहिल्यांदा एकच वर्ष मिळतं. टीम भारतातच बसणार असेल तर हा मार्ग वाटतो तितका वाईट नाही.

ग्रीन कार्डसाठी स्वतःच अर्ज करायचा, नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (देशहितासाठी एम्प्लॉयरची अट माफ), असंही कोणी सुचवेल. करता येतो, पण भारतीयांची ईबी२ ची (हा अर्ज ज्या ग्रीन कार्ड गटात मोडतो त्याची) रांग दहा वर्षांहून लांब आहे. शिवाय एफ१ वर असताना तो अर्ज टाकला की इथे कायमचं राहायचा इरादा कागदावर आला. मग व्हिसाचा शिक्का नवा करायला वकिलातीत गेलात तर अवघड होतं. तिकडे खिडकीवर "मी अमेरिकेत कंपनी काढलीये" हे वाक्यसुद्धा जपून बोलायचं असतं, खोटं मुळीच नाही, पण विचारलं तेवढंच.

तुमच्या केसमध्ये मी काय करेन ते सांगतो. फेब्रुवारीत ओपीटीचा अर्ज, मेपर्यंत सी-कॉर्प, मित्र सीईओ, बोर्डावर तिसरा माणूस. उन्हाळ्यात ई-व्हेरिफाय. पुढच्या मार्चमध्ये एच१बी चं रजिस्ट्रेशन, आणि समांतर ओ१ चं फोल्डर भरत राहायचं. कंपनीचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील वेगवेगळे ठेवा, आणि शेअर्सची वाटणी पक्की करायच्या आधी इमिग्रेशनवाल्याला मसुदा दाखवा, नंतर नव्हे. मित्राची इमिग्रेशनची काही भानगड नसल्यामुळे त्याला हे सगळं अति वाटेल, तेव्हा त्यालाही आय-९८३ दाखवा, सही त्यालाच करायचीये.