कोल्हापुरात जुन्या रेकॉर्ड धुण्यासाठी कोणतं मशीन घ्यावं?
शे-दीडशे एलपी (विनाइलच्या मोठ्या रेकॉर्ड) आणि थोड्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या असतील, तर व्हॅक्यूम मशीनच घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी धरते. ब्रशने ती सुटते, पण मळकं पाणी खाचेतच वाळलं तर मेहनत वाया जाते. व्हॅक्यूम ते पाणी ओढून घेतं. आवाज मात्र बराच होतो. पाण्यात ध्वनिलहरींनी धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन उत्तम, पण एवढ्या संग्रहाला ते महाग पडतं. नळाचं पाणी नको, क्षार राहतात, डिस्टिल्ड वापरा.

सगळ्यात महत्त्वाचं: गायिका केसरबाई केरकरांच्या काळातल्या ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात. मशीनसोबतच्या द्रावणात अल्कोहोल असेल तर त्यांना अजिबात लावू नका, लाख विरघळते. ते गाणं परत मिळायचं नाही. धुतल्यावर जुन्या कव्हरात घालू नका, नवी आतली पाकिटं घ्या.