ओनी आणि गेन्मा : राक्षस एक नव्हेत

प्रश्न : माझा महाविद्यालयात शिकणारा मुलगा ‘ओनिमुशा : वॉरलॉर्ड्स’ हा सामुराईंचा व्हिडिओ गेम खेळतो. त्यात नोबुनागा हा सरदार राक्षसांच्या बाजूचा आहे, पण त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या नायकालाही बळ राक्षसच देतात. हे कसे? आणि यात खरा इतिहास किती?
– एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : आपण दोघांनाही ‘राक्षस’ म्हणतो, म्हणून हा घोळ होतो. कॅपकॉमने २००१ मध्ये आणलेल्या या खेळात त्या दोन वेगळ्या जाती आहेत. नायक सामानोसुकेच्या हातावर जादूचे हस्तत्राण चढवतात ते ‘ओनी’, तर मेलेल्या नोबुनागाला उठवतात ते ‘गेन्मा’, आणि या दोहोंचे वैर जुने आहे. शत्रू पडला की त्याच्या देहातून रंगीत आत्मे तरंगत बाहेर येतात आणि बटण दाबून धरले की हस्तत्राण ते ओढून घेते : लाल आत्म्यांनी शस्त्रे वाढवता येतात, पिवळ्यांनी प्रकृती सुधारते, निळ्यांनी जादूची शक्ती भरते.

‘गेन्मा’ मधले ‘मा’ हे अक्षर आपल्याला परके नाही. संस्कृतातल्या ‘मार’ या नावासाठी चिनी बौद्ध अनुवादकांनी जे चिन्ह घडवले, तेच जपानीत गेले. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाचे चित्त ढळवायला आलेला तोच हा मार. मुंबईतल्या कोणत्याही बुद्धविहारात ही कथा आपल्याला ऐकायला मिळेल.

ओनीचे तसे नाही. तोही शिंगांचा, सुळ्यांचा आणि भयंकर आहे. फेब्रुवारीत सेत्सुबुनच्या दिवशी जपानी माणसे भाजलेले सोयाबीन उधळत ‘ओनी बाहेर, भाग्य आत’ असे ओरडतात, तेव्हा आपल्या ‘इडा पिडा टळो’ची आठवण येतेच. पण त्याच ओनीचा चेहरा कौलावर घडवून तो घराच्या आणि देवळाच्या छपरावर बसवतात, कारण तो अनिष्टाला दूर ठेवतो. आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख आठवावे, म्हणजे नायकाला ओनीचे बळ का मिळते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता इतिहास. १५६० मध्ये ओकेहाझामा येथे ओदा नोबुनागाने दोन-तीन हजार माणसांनिशी इमागावा योशिमोतोच्या सुमारे २५,००० च्या सैन्यावर वादळी पावसानंतर अचानक झडप घातली आणि योशिमोतोला ठार केले. इथपर्यंत सारे खरे आहे. त्याच लढाईत बाण लागून नोबुनागा मरतो, ही मात्र खेळाची कल्पना. तो प्रत्यक्षात १५८२ मध्ये, क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात, आपलाच सरदार आकेची मित्सुहिदे याने वेढा घातल्यावर मेला. खेळातला इनाबायामा किल्लाही खरा आहे. नोबुनागाने तो १५६७ मध्ये जिंकून त्याचे नाव गिफू ठेवले.

त्याला राक्षसांच्या पंक्तीला बसवण्याची कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती हवेतून आलेली नाही. १५७१ मध्ये त्याने हिएई पर्वतावरचे एन्र्याकू-जी हे बौद्ध पीठ जाळले आणि तिथल्या भिक्षूंसह बायका-मुलांचीही कत्तल केली. गोव्यात शिकलेला पोर्तुगीज जेझुइट धर्मप्रचारक लुईस फ्रोइस याने लिहून ठेवले आहे की, प्रतिस्पर्धी सरदार ताकेदा शिंगेनला पाठवलेल्या पत्रात नोबुनागाने स्वतःची सही ‘सहाव्या स्वर्गाचा मारराज’ अशी केली होती. मुलाला एवढे अवश्य सांगावे, की खेळातल्या नोबुनागाला चिकटलेले हे नाव त्याच्या शत्रूंनी ठेवलेले नसून त्याने आपल्या हाताने घेतलेले आहे.