नव्या जन्माची तारीख सांगता आली नाही तर?

प्रश्न : ताई, मी ख्रिस्ती घरातच जन्मले, तान्ही असताना बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरणही (बाप्तिस्म्यातला विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं. मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर तिच्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनेच्या गटाला गेले तर तिथे विचारलं, तुझा नवा जन्म कधी झाला, तारीख सांग. मला सांगताच येईना. तेव्हापासून रात्रीची झोप उडालीये, माझं तारण झालंच नाही का? शेजारच्या काकू विचारतात तुमच्यात पण पुनर्जन्म असतो का, त्यांना काय सांगू? – एक वाचक, पुणे

उत्तर : काकूंचं आधी. पुनर्जन्म म्हणजे मेल्यावर दुसरा देह, आपण म्हणतो तो नवा जन्म जिवंतपणी, याच देहात होतो.

आता तुझं. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायातला निकदेम परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, लोकांचा पुढारी, शास्त्र कोळून प्यालेला, धर्मात काही कमी नव्हतं आणि प्रभू येशू नेमकं त्यालाच म्हणतो की नव्याने जन्मायला हवं. तो गोंधळला, म्हातारपणी आईच्या पोटात परत कसं जायचं म्हणे. मूळ ग्रीक शब्द आहे आनोथेन, त्याचा अर्थ ‘पुन्हा’ होतो आणि ‘वरून’ पण होतो, निकदेमाने पुन्हा एवढंच ऐकलं आणि प्रभू बोलत होता वरून होणाऱ्या, पवित्र आत्म्याने होणाऱ्या जन्माबद्दल. बाळ काही स्वतःला जन्म देत नाही गं. वाऱ्याचा आवाज येतो पण तो कुठून आला ते कळत नाही, तसंच हे, असं प्रभूच सांगतो, मग तारीख कुठून आणणार?

निकदेमाची तरी कुठे दिलीये? सातव्या अध्यायात तो येशूच्या बाजूने एखादं वाक्य बोलतो आणि 19 व्यात, जवळचे शिष्य पांगलेले असताना, येशूच्या दफनासाठी शंभर रत्तल गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं घेऊन येतो, आजच्या हिशोबाने तीस किलोच्या वर ओझं, आणि हाच माणूस पहिल्यांदा रात्री लपून आला होता.

पण फेलोशिपवाल्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही बरं का. कॅथलिक आणि आपल्यासारखी बरीच जुनी चर्चेस नवा जन्म बाप्तिस्म्याशी जोडतात, फेलोशिपवाले स्वतः विश्वास ठेवण्यावर भर देतात, आणि नुसता बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात असून भागत नाही हे खरंच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्यांनीच पुढे लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे उमगायला आठ वर्षं गेली.

माझ्या आईलाही तारीख सांगता यायची नाही. बांधावरून चुलतीशी नऊ वर्षांचा अबोला होता, एका नाताळला चर्चमधून आली, पातेल्यातला अर्धा रस्सा डब्यात काढला आणि चुलतीच्या दारात जाऊन उभी राहिली, डब्याचं झाकण वाजत होतं इतके हात थरथरत होते. योहान त्याच्या पत्रात हीच खूण देतो, बंधूंवर प्रीती करतो यावरून कळतं की आपण मरणातून जीवनात आलोय. असं काही तुझ्यात बदललंय का ते बघ. नसेल वाटत तर झोप येत नाही तेव्हा उठून बस आणि प्रभूकडे माग, निकदेम पण रात्रीच गेला होता.