व्हियानाच्या फेस्ताला जाताना

चिरंजीव बाळास, अनेक आशीर्वाद.

ऑगस्टमध्ये पोर्तुगालला जायचं तुझं ठरलंच आहे, तर २० ऑगस्टच्या आसपासचे चार दिवस व्हियाना दु काश्तेलुसाठी राखून ठेव. पोर्तोच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर, लिमा नदी समुद्राला मिळते तिथे हे शहर आहे. राजा तिसरा आफोंसु याने १२५८ मध्ये त्याला सनद दिली, आणि आजही जुन्या गल्ल्यांमधून पायी अर्ध्या तासात गाव ओलांडता येतं. तिथे नोसा सेन्योरा द'आगोनिया, म्हणजे कोळ्यांची श्रद्धा असलेल्या मेरीमातेचा उत्सव भरतो. गोव्यातलं फेस्त पाहिलेल्याला त्याचा सांगाडा ओळखीचा वाटेल: मिस्सा, मिरवणूक, बँड, दारूकाम. पण इथे भोवतालच्या गावांतला सगळा लोकवेश, नाच आणि दागिना रस्त्यावर येतो, आणि त्यासाठीच जायचं.

पहिली चूक तारखांची होते. २० ऑगस्ट पक्का, त्या दिवशी शहराला सुट्टी असते. बाकीचे कार्यक्रम मात्र दरवर्षी वाराप्रमाणे पुढेमागे सरकतात. गावोगावच्या वेशांची आणि कामधंद्यांची मोठी मिरवणूक बहुधा शनिवारी असते. नुसती २० तारीख धरून गेलेल्यांची ती हुकते. म्हणून त्या वर्षीचा कार्यक्रम आधी पाहा, मगच विमानाचं तिकीट काढ. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि राहण्याची सोय दाखवावी लागते, म्हणजे खोली आधी. गावातल्या खोल्या कित्येक महिने अगोदर संपतात. त्या नाही मिळाल्या तर बार्सेलुश किंवा कामिन्या ही जवळची गावं बघ. दोन्ही व्हियानाच्याच रेल्वेमार्गावर आहेत. ब्रागाहून यायचं तर नीन स्थानकात गाडी बदलावी लागते. रात्रीचं दारूकाम उशिरा संपतं आणि तोवर शेवटची गाडी निघून गेलेली असते. म्हणून निदान १९ची रात्र गावातच काढायची तयारी ठेव.

पोहोचलास की पहिल्या दिवशी मिरवणुकीच्या मागे धावू नकोस. प्रासा दा रेपुब्लिका हा मुख्य चौक आहे. सोळाव्या शतकातलं कारंजं आणि मिझेरिकोर्दिया या जुन्या धर्मादाय संस्थेची कमानींची इमारत तिथेच दिसेल, आणि त्याच चौकात वेशभूषेचं संग्रहालय आहे. तिथे दोन तास घाल. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. वेश वाचता आला नाही तर पुढचे तीन दिवस नुसते लाल-हिरवे घागरे दिसत राहतात.

वाचायचं ते असं. लाल आणि हिरवा वेश शेतकरी मुलींचा, सणासुदीचा. कुठल्या गावचा ते रंगावरून आणि पट्ट्यांवरून ओळखतात. गडद निळा दुखवट्याचा. काळा वेश मात्र शोकाचा समजू नकोस. तो मानाचा आहे. उत्सवाची जबाबदारी उचलणाऱ्या बाईला 'मोर्दोमा' म्हणतात, म्हणजे आपली मानकरीण. ती काळ्या किंवा गडद रंगात असते, आणि नवरीही काळ्यातच. काळी चंद्रकळा संक्रांतीला हौसेने नेसणाऱ्यांच्या घरात वाढलेल्याला हे समजावं लागू नये.

आता जवळून बघ. एप्रन मागावर विणलेला असतो. विणताना बाण्याचा लोकरी धागा जागोजागी वर ओढून त्याचे फुगीर फासे करतात, त्यामुळे नक्षी बोटांना लागेल इतकी वर येते. यंत्रावर छापलेला एप्रन सपाट असतो. बाजारात घेताना ही एक खूण पुरते. कमरेला हृदयाच्या आकाराचा छोटा बटवा लटकतो, मणी आणि टिकल्यांनी भरलेला, आणि त्यावर पुष्कळदा 'आमोर' नाहीतर 'व्हियाना' अशी अक्षरं असतात. पायात पांढरे विणलेले मोजे आणि मागून उघड्या सपाता. त्या सपातांवर दगडी फरसबंदीतून तासन्‌तास चालतात, तेव्हा चाल जपून असते. फोटोसाठी त्यांना वाटेत थांबवू नकोस. रांग जिथे आपणहून थांबते तिथे विचार. 'पोसु तिरार ऊमा फोटो?' एवढं पुरतं. नंतर आभार मानायचे: पुरुषाने 'ओब्रिगादु', बाईने 'ओब्रिगादा'.

सोन्याबद्दल वेगळं सांगतो. मानकरणींच्या मिरवणुकीत शेकडो बायका घरातलं सगळं सोनं छातीवर घालून चालतात: पोकळ मण्यांच्या माळा, लांब गोफ, आपल्या पुतळीहाराची आठवण करून देणारी नाणी, आणि तारकशीचं मोठं हृदय. हे पिढीजात असतं, उसनंही आणलं जातं. पोर्तुगीज दागिन्याचं सोनं परंपरेने १९.२ कॅरटचं असतं, म्हणजे हजारात ८०० भाग. आपल्या बावीसपेक्षा ते कमी कसाचं, म्हणून रंग किंचित वेगळा दिसतो. फसवणूक समजू नये. 'व्हियानाचं हृदय' म्हणून जे विकलं जातं ते बहुतांशी व्हियानात घडत नाही. तारकशीची गावं गोंदुमार आणि पोव्हुआ द लान्योसु. सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं हृदय परवडतं, पण त्यावर शासकीय छाप आणि चांदीचा ९२५ हा आकडा बघ. छाप नसेल तर ते पितळ धरून चाल.

उभं कुठे राहायचं? स्थानकातून बाहेर पडलं की कोंबातेन्तेशचा रुंद रस्ता सरळ नदीकडे उतरतो. उतरताना उजवा हात ही पश्चिमेची बाजू. दुपारनंतर सावली तिथेच येते, आणि ऊन पाठीमागून आल्यामुळे समोरचे रंग धुरकट होत नाहीत. मोठ्या मिरवणुकीसाठी बसायचे मंच असतात, त्यांची तिकिटं लागतात. ढोल मात्र चौकातच ऐक. 'झे-परेइरा' म्हणजे मोठ्या ढोलांची पथकं, आणि त्यांच्याबरोबर माणसाहून खूप उंच नाचते पुतळे. दगडी चौकात आवाज घुमून अंगावर येतो, कानात कापूस असू दे. नाचांमध्ये 'व्हीरा' ओळखायला शीक: हात डोक्याच्या वर, बोटांच्या चुटक्या, गोल फिरणाऱ्या जोड्या. दादरा ताल ज्याच्या कानात आहे त्याला ती लय लगेच सापडते.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असशील तर 'काल्दु व्हेर्द' या हिरव्या सुपावर विसंबू नकोस, त्यात सॉसेजची चकती असते. 'नांउ कोमु कार्न नें पैश', मांस नाही आणि मासेही नाही, हे दोन्ही सांग. नुसतं मांस नको म्हटलं तर बाकालाउ, म्हणजे खारवलेला कॉड मासा, पुढे येतो. न मागता टेबलावर आलेले पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठव. दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात, ती सातनंतर उघडतात.

१९च्या रात्री रिबेइरा या कोळीवाड्यात जा. तिथले रहिवासी रात्रभर जागून गल्ल्यांमध्ये रंगवलेल्या जाड्या मिठाचे गालिचे घालतात, कित्येक टन मीठ लागतं. साचा ठेवायचा, त्यात एक रंग भरून सपाट करायचा, साचा अलगद उचलायचा, शेजारी दुसरा. जहाजं, नांगर, मासे, जाळी असे आकार हळूहळू गल्लीभर पसरतात. समुद्रावरून वारा सुटतो, आणि मीठ भुशासारखं उडत नाही. भिंतीला धरून चाल, पाठीवरची पिशवी पोटाशी घे. वाकून फोटो काढताना ती लोंबकळली की दोन तासांचं काम जातं. ऑगस्ट असला तरी रात्री स्वेटर लागतोच.

दुसऱ्या दिवशी मूर्ती खांद्यावर घेऊन कोळी याच मिठावरून जातात. तोपर्यंत त्यावर कुणाचंच पाऊल पडत नाही. त्याच दिवशी मूर्ती पताका लावलेल्या बोटींवर चढतात, आणि नदीला व समुद्राला आशीर्वाद द्यायला तांडा निघतो. गालिच्यावरची मिरवणूक आणि बोटींचं निघणं, दोन्ही नीट दिसेल अशी एक जागा नाही. तू रात्र रिबेइरात काढली असशील तर गालिचा पाहून झालेला आहे. दुपारी लवकर जेवून नदीकाठच्या बागेत कठड्याशी जागा धर, आणि बोटी परत येईपर्यंत ती सोडू नकोस.

तुझा हितचिंतक