ब्रॉडकास्टिंग ट्रीटी आली तर वाचनालयातल्या जुन्या कॅसेट्सचं काय होईल?

तुमचा प्रश्न असा की वाचनालयात 1998 च्या सुमारास टीव्हीवरून उतरवलेल्या नाटकांच्या आणि भजनांच्या व्हीएचएस कॅसेट्स आहेत, त्या डिजिटाइझ करायच्यात, तर जिनिव्हात घाटत असलेल्या ब्रॉडकास्टिंग ट्रीटीमुळे, म्हणजे चॅनलना आपल्या प्रसारणावर हक्क देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, अडचण येईल का आणि कलाकारांना त्यातून काही मिळेल का. मी वकील नाही, इथे नौपाड्यात राहतो आणि रात्री पंखा बंद करून, रिक्षांचे हॉर्न थांबले की अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, त्या नादात कॉपीराइट कायद्याची काही कलमं तोंडपाठ झालीयेत एवढंच.

ट्रीटीचं म्हणाल तर वायपोच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेच्या, कमिटीत तिचं दळण 1998 पासूनच चालू आहे, म्हणजे तुमच्या कॅसेट्सइतकीच जुनी. चॅनलवाल्यांची तक्रार अगदीच खोटी नाही बरं का, मॅच चालू असताना कोणी सिग्नल उचलून दुसरीकडे लाइव्ह दाखवला तर त्यांचं नुकसान होतंच. ते थांबवा ना, कोण नको म्हणतंय. 2006 ला वायपोच्या सभेत ठरलंही होतं की फक्त सिग्नलपुरतं बोलायचं, पण नंतरच्या मसुद्यांत रेकॉर्डिंगवरचे हक्क आणि 50 वर्षांच्या मुदतीचा पर्याय परत शिरलाच. अरे सिग्नल तर त्याच दिवशी हवेत विरला, मग हक्क कसला?

तुमच्याच एखाद्या भजनाच्या कॅसेटचं बघा. तुकोबांचा अभंग, म्हणजे शब्द कोणाच्याच मालकीचे नाहीत. चाल कोणी नवी लावली असेल तर त्या संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. गाणारीचा परफॉर्मर म्हणून हक्क 50 वर्षं. आणि चॅनलचा आपल्या कायद्यात कलम 37 खाली 25 वर्षं, तोही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा, म्हणजे 1998 चं प्रसारण असेल तर 2023 संपताना तो संपला. चॅनलने ना लिहिलं ना गायलं, पण ट्रीटीत 50 वर्षं आली असती तर गाणारीने हो म्हटलं तरी 2048 पर्यंत चॅनलचीही परवानगी काढत बसावं लागलं असतं. तिला त्यातून दमडी नाही. कलाकारांसाठी खरं काम 2012 च्या दुरुस्तीने केलंय, सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी आता निर्मात्याला लिहून देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येते. ब्रॉडकास्टिंग ट्रीटीत असलं काही नाही.

वाचनालयांचं दुखणं वेगळंच. चॅनलवाल्यांना बंधनकारक करार पाहिजे म्हटलं की चर्चा होते, ग्रंथालयांनी जतनासाठी तसाच मागितला की अमेरिका आणि युरोपियन युनियन म्हणतात तुमच्या देशाचा कायदा बघा की, कराराची काय गरज. वापरणाऱ्यांना कॉपीराइटमधून सवलती देणारा आजवर एकच करार झाला, 2013 चा माराकेश, तो अंध वाचकांसाठी, आणि 2014 मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. माझी रेकॉर्डिंगं मात्र त्याच्याही आधीच्या, आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52(1)(झेडबी) वर चालतात, ना नफा तत्त्वावर करायची आणि फाइल बाजारात जाऊ द्यायची नाही.

तुमच्यासाठी कलम 52(1)(एन) आहे, अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे आधीपासून नॉन-डिजिटल प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल साठवता येते, आणि कलम 39 मुळे कलम 52 च्या सवलती ब्रॉडकास्टलाही लागतात. फक्त साठवता येते हां, यूट्यूबवर चढवता येत नाही! आणि टीव्हीवरून उतरवलेली प्रत यात धरायची का यावर वाद होऊ शकतो, तेवढं एखाद्या वकिलाला विचारा. तोवर प्रत्येक कॅसेटला चिठ्ठी लावून ठेवा, प्रसारणाचं वर्ष, लेखक, संगीतकार, कलाकार आणि लेखक-संगीतकार हयात नसतील तर त्यांचं मृत्युवर्ष, पुढे परवानगी मागायची वेळ आली तर हेच लागणार आहे आणि ही माहिती असलेली माणसं आता म्हातारी झालीयेत.