पहिल्यांदाच गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालीस ना?

जानेवारीत चौदा दिवसांच्या कोर्सला जातेयस हे ऐकून फार आनंद झाला. एक सांगते, सुरुवातीला गोंडोल्यातून, म्हणजे तिथल्या केबल कारमधून, थेट अफरवट डोंगरावर जायची घाई करू नकोस. 3,900 मीटरच्या वरचे ते उतार कसलेल्यांचे. तुला शिकायचंय ते खालच्या सौम्य उतारांवर.

सगळ्यात जास्त लक्ष बुटांकडे दे. थंडीमुळे दोन जोड मोजे घालावेसे वाटतील, घालू नकोस. एकच पातळ लोकरी मोजा, नडगीवर नीट ओढलेला. एक चुणी राहिली तरी संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटते. बकल लावल्यावर गुडघे वाकवून बघ, नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे. थांबायचं असेल तेव्हा स्कीची टोकं जवळ आणि टाचा बाहेर ढकलायच्या, यालाच स्नो-प्लाऊ म्हणतात. भीती वाटली की आपण मागे झुकतो आणि तिथेच ताबा सुटतो. पडायची वेळ आलीच तर कुशीवर पड, हात मागे टेकू नकोस.

संध्याकाळी रजईत शिरून मोबाईल बघत बसू नकोस गं! बुखारीभोवती, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीभोवती, सगळे हातमोजे वाळवत बसतात, तिथे जा. पहिल्या दिवशी माझी बकलं लावून देणारी मुलगी आज माझी जिवलग मैत्रीण आहे. नून चहा खारट असतो, तरी कुणी दिला तर नाही म्हणू नकोस. आणि बॅगेत भाकरवडीची दोन पाकिटं टाकच. एक पहिल्याच रात्री फोड.