लैंगिक छळ प्रतिबंधाचा ऑनलाइन धडा ऑफिसात कसा वापरावा?

प्रश्न असा आहे, की आवाजासह चालणारा ऑनलाइन धडा सगळ्यांना पाठवला तर प्रशिक्षण झालं असं म्हणता येईल का? नाही. लोक तो मागच्या टॅबमध्ये चालू ठेवतात, आवाज बंद करतात आणि शेवटी ‘पूर्ण’ दिसतं.

आधी धडा कोणत्या देशाचा ते बघा. अमेरिकी धड्यात तक्रारीची मुदत 180 किंवा 300 दिवस सांगतात. आपल्या 2013च्या, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात शेवटच्या घटनेपासून 3 महिने आहे, सबळ कारण असेल तर अंतर्गत समिती, म्हणजे ऑफिसातली अशा तक्रारी ऐकणारी समिती, आणखी 3 महिने देऊ शकते. चुकीची मुदत डोक्यात बसली तर एखादीची तक्रारच हुकेल, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं.

मग 10-12 जणांना एकत्र बसवून दाखवा. प्रसंग संपला, की निवेदक उत्तर सांगायच्या आत थांबवा आणि विचारा: “ही तक्रार कोणाकडे द्यायची?” इथे बहुतेक जण ‘एचआर’ म्हणतात. उत्तर आहे अंतर्गत समिती, तीही लेखी. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर तिथेच फळ्यावर लिहा. धड्यात ते सहसा नसतात. कंत्राटी सफाई कामगार महिलांनाही बोलवा, कायदा त्यांनाही लागू आहे. त्यांच्यासाठी मराठी निवेदनच हवं, नुसती सबटायटल्स पुरत नाहीत.